‘थांब’ म्हणायला नोकरी पक्की लागते

दर तिमाहीला एक मेल येते. तुम्हालाही येत असणार. ‘हॅलो फॅमिली!’ अशी सुरुवात, मग तीन उद्गारचिन्हं, मग लोणावळ्याजवळच्या कुठल्यातरी रिसॉर्टवर शनिवारी जमायचं आमंत्रण. तिथे आपण रस्सीखेच खेळतो, डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्याच्या हातांवर मागे पडतो (याला म्हणे ‘ट्रस्ट फॉल’ म्हणतात), पनीर टिक्का खातो, फोटो लिंक्डइनवर टाकतो. सोमवारी परत तेच. ज्याच्या हातांवर आपण विश्वासाने पडलो, त्याच्याशीच रेटिंगसाठी झटापट.

पनीर टिक्क्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती या सगळ्यामागच्या समजुतीबद्दल. ती समजूत अशी, की कामाच्या जागचा जिव्हाळा ही एक ‘ॲक्टिव्हिटी’ आहे. एचआरने बजेट काढलं, कोच बोलावला, की तयार. माणसं मात्र कधीही बदला, काढा, दुसऱ्या प्रोजेक्टवर टाका, कंत्राटावर आणा. जिव्हाळा काय, पुढच्या तिमाहीत परत करू!

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कामाच्या जागची दोस्ती म्हणजे एक हक्क आहे: शेजारच्याला, आणि गरज पडली तर वरच्यालाही, ‘थांब’ म्हणण्याचा. हा हक्क तीन गोष्टींवर उभा राहतो. तीच माणसं वर्षानुवर्षं बरोबर असणं, एकाच्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजावी लागणं, आणि बोललो म्हणून उद्या नोकरी जाणार नाही याची खात्री. यातली तिसरी काढून घेतली की पहिल्या दोन नुसत्या नावाला उरतात. आपल्या आयटीत ती आपण कधीच गमावली. आता जिथे बारूद बनते तिथूनही ती काढून घेतली जातेय, म्हणून आजचा हा लेख. जरा कडू आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा भंडाऱ्याचा. हिंजवडीत कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “हे कुठे आलं?” नागपूरहून पूर्वेला साठेक किलोमीटर, रायपूरकडे जाणाऱ्या हायवेवर, वैनगंगेच्या काठी. धान, तलाव आणि पितळेची भांडी यांचं गाव. पण हा जिल्हा कारखान्यांचाही आहे. लाखनीकडे जाताना गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो, तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. भंडारा रोड स्टेशनाला लागून वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. वर तुमसर तालुक्यात मॉइलच्या मँगनीजच्या खाणी, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग. आणि जवाहरनगरला आयुध निर्माणी, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी. साठच्या दशकापासून तिथे प्रोपेलंट आणि स्फोटकं बनताहेत. गावाकडे वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील यापैकी कुठल्यातरी गेटातून आत जायचे. ‘बाबा काय करतात?’ या प्रश्नाला ‘फॅक्टरीत आहेत’ एवढं उत्तर पुरायचं, आणि कोणती फॅक्टरी ते सायकलवर लटकवलेल्या डब्याच्या वेळेवरून कळायचं.

आता स्फोटकांचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. हे कुठल्या एका कारखान्याचं वर्णन नाही, जगभर या धंद्याची रीत साधारण अशीच आहे. जिथे प्रत्यक्ष स्फोटक हाताळतात त्या इमारतीला ‘डेंजर बिल्डिंग’ म्हणतात. इमारती एकमेकींपासून लांब लांब, मध्ये मातीचे उंच बांध. का? तर एक उडाली तरी शेजारची वाचावी म्हणून. आत जाताना मोबाइल, काडेपेटी, किल्ल्या बाहेर. बूट वेगळे, कपडे वेगळे. दाराशी धातूच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायची. हत्यारं ठिणगी न पाडणाऱ्या धातूची. आणि दाराबाहेर दोन आकडे लिहिलेले: एका वेळी आत किती स्फोटक ठेवायचं, आणि एका वेळी आत किती माणसं असायची. या दुसऱ्या आकड्याला ‘मॅन लिमिट’ म्हणतात.

मॅन लिमिटवर जरा थांबा. आपल्याकडे मीटिंग रूमच्या बाहेर लिहिलेलं असतं ‘कपॅसिटी ८’, कारण खुर्च्या आठ असतात. तिथे जो आकडा लिहिलेला असतो त्याचा अर्थ असा, की वाईटात वाईट घडलं तर यापेक्षा जास्त माणसं जाऊ नयेत. त्या आकड्याच्या आत रोज आठ तास, तीच चार-सहा माणसं, वर्षानुवर्षं. तिथे ट्रस्ट फॉल कोण शिकवणार?

या कामात आयुष्य घालवलेले एक काका आमच्या शेजारी राहायचे. त्यांना मी एकदा विचारलं होतं, तुमची एवढी घट्ट दोस्ती कशी काय? ते म्हणाले, “दोस्ती नोहे गा बाबू, सवय होय. कोन घरून भांडून आला, कोनाचा हात आज थरथरते, कोन रातभर झोपला नाही, हे मले डोरे मिटून समजे. त्याले म्हनो, तू आज बाजूले बस, मी करतो.”

हे वाक्य मी आजवर वाचलेल्या सगळ्या मॅनेजमेंटच्या पुस्तकांपेक्षा मला जास्त शिकवून गेलं. ‘तू आज बाजूला बस’ हे कुठल्याही सेफ्टी मॅन्युअलमध्ये लिहिता येत नाही. नियम भिंतीवर असतात, पण पहाटे चारला, तिसऱ्या पाळीत, साहेब नसताना नियम पाळायला लावतो तो शेजारचा माणूस. आणि तो हे तेव्हाच सांगू शकतो जेव्हा त्याला समोरच्याचा हात नेहमी कसा असतो हे माहीत असतं. त्याला पाच-दहा वर्षं लागतात. ऑनबोर्डिंगच्या दोन दिवसांत ते होत नाही.

बाहेरचं सगळं, म्हणजे कारखान्याची बस, कँटीन, पतसंस्था, क्वार्टर्स, गणपती, १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा, हे या मुळावर आलेलं झाड आहे. बसमध्ये जागा ठरलेल्या. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन कोण? बाजूच्या मशीनवरचाच. त्याच्या पोरीच्या लग्नात वाढायला कोण? तोच. जो तुमच्या कर्जाला जामीन आहे त्याच्यावर ओरडायचा हक्क तुम्हाला असतो, आणि त्याला तुमच्यावर. आमच्याकडे ‘बस फॅक्टर’ नावाची गोष्ट असते: टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल. त्यांच्याकडे बस म्हणजे ज्यात शेजारच्यासाठी जागा धरतात ती. दोन धंद्यांतला फरक एवढ्यात आला :)

आणि हे नुसतं संस्कृती-बिंस्कृती नाही बरं. यामागे कायदा होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं, की २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे सरकार कँटीन बंधनकारक करू शकतं, आणि त्या कँटीनच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. म्हणजे भाजीत मीठ किती, यावरही कामगाराचं मत मोजायचं. पुढे १९८४ ला भोपाळ झालं आणि १९८७ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती होऊन दोन मोठ्या गोष्टी आल्या. धोक्याच्या प्रक्रिया असलेल्या कारखान्यात सुरक्षा समिती, जिच्यात कामगार आणि व्यवस्थापन यांची माणसं सारखी. आणि जीवघेणा धोका दिसला तर तो लगेच निदर्शनाला आणून देण्याचा कामगाराचा हक्क. भोपाळनंतर सरकारलाही कळलं होतं, की कामगाराचं तोंड उघडं असणं हे हेल्मेट-ग्लोव्हजसारखंच सुरक्षेचं साधन आहे.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, हे सगळं गावाकडच्या आठवणींचं लोणचं आहे. कारखान्यांत काय सगळे संत होते? गटबाजी नव्हती? जात नव्हती? युनियनची दादागिरी, ‘आपल्या’ माणसाला ओव्हरटाइम, बायकांना कुठे जागाच नाही, हे नव्हतं?

होतं. सगळं होतं. माणसं एकत्र बांधली गेली की ती एकमेकांना सांभाळतात तशी एकमेकांना दाबतातही. याचा जुना पुरावा आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोन स्विचच्या वायरिंगचं काम करणारे १४ जण एका खोलीत बसवून संशोधकांनी त्यांचं निरीक्षण केलं. त्या १४ जणांनी आपसात ठरवलं होतं, दिवसाला एवढंच काम करायचं. जास्त करणाऱ्याला टोमणे आणि दंडावर गुद्दा. कंपनीचा बोनस त्यांना हलवू शकला नाही. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हा किस्सा ‘बघा, गट कसा आळस शिकवतो’ म्हणून येतो. पण साल बघा ना. मंदी ऐन भरात होती, आजूबाजूला माणसं घरी पाठवली जात होती. जास्त काम केलं तर उद्या दर कापतील किंवा आपल्यातलाच एक कमी करतील, ही त्यांची भीती होती. ती काही वेडगळ नव्हती. त्यांची दोस्ती कंपनीच्या विरोधात गेली, कारण नोकरीची खात्री कंपनीकडून मिळत नव्हती. माणसं एकमेकांना धरून राहणारच. कशासाठी, ते व्यवस्थापनाच्या वागण्यावर ठरतं.

याच्या उलटही उदाहरण आहे. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. बॅमफर्थ स्वतः आधी खाण कामगार होता, म्हणजे नुसता पुस्तकी माणूस नव्हे. जुन्या पद्धतीत दोन-चार जणांच्या छोट्या टोळ्या असायच्या, आणि मुख्य म्हणजे जोडीदार कोण हे कामगार स्वतः निवडायचे. अंधारात, डोक्यावर छत कधी येईल ते माहीत नसताना, ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच माणूस बरोबर घेतो. एखादा जखमी झाला तर त्याच्या घराकडे बाकीचे बघायचे. मग यंत्रं आली, काम तीन पाळ्यांत तोडलं गेलं, टोळ्या मोडल्या. एका पाळीने अर्धवट टाकलेली घाण दुसऱ्या पाळीच्या डोक्यावर. यंत्र चांगलं असूनही उत्पादन अपेक्षेइतकं वाढलं नाही, गैरहजेरी वाढली, आणि चूक कुणाची यावरून भांडणं सुरू झाली. (स्प्रिंटच्या शेवटी टेस्टिंग टीमकडे कोड ‘फेकणाऱ्या’ मंडळींना हे ओळखीचं वाटेल.)

आणि हे फक्त गोऱ्यांच्या खाणीतलं नाही. ज्या टॅव्हिस्टॉक संस्थेतून तो निबंध आला त्याच संस्थेचा ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आला. तिथे नवे ऑटोमॅटिक माग बसवले होते, पण कापड काही वाढेना. बघतो तर प्रत्येक मजुराला एकच तुकडा काम, कुणाचा कुणाशी संबंध नाही. राइसने सुचवलं, ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे पूर्ण द्या. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलली आणि गट स्वतःच बनवून आणले! कापड वाढलं, खराबी कमी झाली. कुणीही रस्सीखेच खेळलं नव्हतं.

असो. इतिहास पुरे. आता २४ जानेवारी २०२५.

त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं. ८ कामगार गेले, ५ जखमी झाले. आवाज कितीतरी किलोमीटर ऐकू गेला. दोन-तीन दिवस टीव्हीवर चाललं, मंत्री आले, मदत जाहीर झाली. नंतर पुण्या-मुंबईत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तसं विदर्भात हे पहिलंही नव्हतं: ३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ जण गेले. देशाची बारूद आमच्या भागात बनते आणि साठवली जाते, आणि त्याची किंमतही आमच्याच भागातली माणसं देतात.

स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. तो स्फोट कंत्राटी माणसांमुळे झाला असं मी म्हणत नाहीये. माझा मुद्दा पुढचा आहे. जिथे असं होऊ शकतं, तिथे कुठल्या प्रकारची नोकरी असावी?

आता काय घडतंय ते बघा. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं गेलं. ४१ कारखाने ७ सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भंडारा गेला ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे, मुख्यालय पुणे. जुन्या कामगारांना दोन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर कंपनीत धरलं, मग मुदतवाढ मिळत गेली. आणि नवी भरती? कंपनीच्या कारखान्यांच्या गेल्या काही वर्षांतल्या जाहिराती शोधून वाचा, भंडाऱ्याचीही आहे. पद: डेंजर बिल्डिंग वर्कर. पात्रता: आयुध निर्माणीत शिकाऊ उमेदवारी केलेला. नोकरी: ‘टेन्युअर बेसिस’, म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, पुढे वाढवला तर वाढवला.

म्हणजे बघा हं. ज्या पोराला कारखान्यानेच शिकवलं, ज्याला स्फोटक हाताळता येतं, जो देशातल्या सगळ्यात धोक्याच्या खोल्यांपैकी एकीत बसणार, त्याच्या डोक्यावर दोन टांगत्या तलवारी. एक समोरच्या मिश्रणाची, दुसरी कराराच्या तारखेची.

अशा पोराने एखाद्या दिवशी पाहिलं, की लिमिटपेक्षा जास्त माल आत आलाय. किंवा मशीनचा आवाज वेगळा येतोय. किंवा मॅन लिमिट सहाची आणि आत सातवा उभा आहे, आणि तो सातवा म्हणजे साहेब. (हे उदाहरण काल्पनिक आहे, पण कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला विचारा, किती काल्पनिक ते.) तो पोरगा ‘थांबा साहेब’ म्हणेल? त्याचा करार वाढवायचा की नाही यावर शेरा कोण मारणार आहे? हेच साहेब. त्याच्या घरी कोण आहे? धानाची दोन एकर आणि लग्नाची बहीण. तो गप्प बसेल. मी असतो तर मीही गप्प बसलो असतो. तुम्हीही.

आणि त्याच्या बाजूला बसलेला पंचवीस वर्षांचा अनुभवी कामगार? तो निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेला अजून शेजाऱ्याचा हात ओळखत नाही, आणि ओळखायला लागेपर्यंत मुदत संपेल. ‘तू आज बाजूला बस, मी करतो’ हे वाक्य म्हणणारा माणूसच त्या खोलीत उरत नाही. ताळेबंदात हे कुठेच दिसत नाही. तिथे दिसतं ‘मनुष्यबळ खर्चात बचत’.

बरं, हे सगळं होत असताना कामगार गप्प होते का? अजिबात नाही. संरक्षण कामगारांच्या तीन फेडरेशन आहेत: डाव्यांची एआयडीईएफ, इंटकची आयएनडीडब्ल्यूएफ आणि संघ परिवारातल्या भारतीय मजदूर संघाची बीपीएमएस. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे तीन रंग एकत्र आले तर ॲडमिनला ग्रुप बंद करावा लागेल. पण ऑगस्ट २०१९ मध्ये या तिघांनी मिळून संप केला. २०२१ च्या जुलैत पुन्हा बेमुदत संपाची तयारी केली. त्यावर सरकारने काय करावं? ३० जून २०२१ ला अध्यादेश आणला: अत्यावश्यक संरक्षण सेवा. संपात सामील झालात तर एक वर्षापर्यंत कैद. पुढे त्याचा कायदा झाला, तो एका वर्षापुरताच होता, संपला. पण ज्या वर्षात बोलायचं होतं तेच ते वर्ष होतं. एकत्र ‘थांबा’ म्हणणाऱ्यांना सरकारने सांगितलं, गप्प बसा.

सरकारची बाजू काय, तर जुनी व्यवस्था सुस्त होती, माल महाग होता, दर्जाच्या तक्रारी होत्या. यातलं बरंचसं खरं आहे. लष्कराच्या तक्रारी जुन्याच होत्या आणि पक्की नोकरी म्हणजे कामचोरीचा परवाना असं वागणारेही होते. त्यांना शोधा, शिक्षा करा, काढा. पण आळशी माणसाला काढता येत नाही म्हणून सगळ्यांनाच कधीही काढता येईल अशी सोय करायची, हा उपाय म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळण्यासारखं आहे. आणि हे घर बारुदीचं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने कायदा त्यात विरून गेला. यात चांगलंही आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मुदतीच्या कामगाराला पक्क्या कामगाराइतकेच पगार आणि लाभ, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. कँटीनसाठी १०० कामगारांची अट, आणि त्या शंभरात कंत्राटीही धरायचे. हे शेवटचं वाचून मला फार बरं वाटलं. कारण आमच्याकडच्या एका कारखान्यात (नाव सांगत नाही) मी डोळ्यांनी पाहिलंय: पक्के लोक पंख्याखाली टेबलावर जेवायचे आणि कंत्राटी पोरं शेडच्या मागे सिमेंटच्या गोण्यांवर डबा उघडायची. काम तेच. युनियनही त्यांची नव्हतीच. कारखान्यातल्या दोस्तीचं हे सगळ्यात घाणेरडं पान आहे आणि पक्क्या कामगारांनीही त्याचा जाब दिला पाहिजे. ज्यांना आपण टेबलावर घेतलं नाही, त्यांच्याच हातून मालकाने आपल्या जागा भरल्या.

पण या संहितांनीच मुदतीची नोकरी देशभर सरळ, राजमान्य करून टाकली. कामगाराला टेबलावर खुर्ची दिली, पण ती खुर्ची मार्चमध्ये परत घेता येईल अशी दिली. पगार सारखा, लाभ सारखे, आणि जीभ मात्र सारखी नाही.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही म्हणाल आमचा काय संबंध, आमच्या कोडने कुणी मरत नाही. (बँकेच्या, हॉस्पिटलच्या, विमानाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी इथे जरा खोकावं.) संबंध हा, की माणूस म्हणजे बदलता येणारा सुटा भाग, हा विचार आपल्याच धंद्याने फॅशनेबल केला. ‘रिसोर्स’ हा शब्द आपण माणसासाठी वापरतो आणि कुणालाच खटकत नाही. ‘दोन रिसोर्स सोमवारपासून हलवतोय.’ बेल कर्व्ह आपणच आनंदाने अंगावर घेतली: दहा जणांच्या टीममध्ये कितीही चांगलं काम झालं तरी एक जण खालीच दाखवायचा. मायक्रोसॉफ्टने असली सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये सोडून दिली, कारण चांगली माणसं दुसऱ्या चांगल्या माणसांबरोबर काम करायलाच टाळत होती. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी ती दिमाखात चालू आहे. आणि जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा आपल्या लक्षात आलं की ‘फॅमिली’तून काढायला एक मेल पुरते.

तरीही आपल्यातल्या प्रत्येकाकडे एक-दोन खरे ऑफिसातले मित्र असतात. ते कुठे मिळाले आठवा. रिसॉर्टवर? नाही ना. रात्री तीनला प्रॉडक्शन पडलेलं असताना, कॉलवर, जेव्हा तुमच्या हातून चुकीचं टेबल उडणार होतं आणि पलीकडून कुणीतरी ओरडलं, “थांब, एंटर मारू नको!” त्या ओरडण्याला मी दोस्ती म्हणतो. ती आपली डेंजर बिल्डिंग. तिथे रँक नसते, रेटिंग नसतं, आणि ओरडणाऱ्याला माहीत असतं की उद्या त्याचं कुणी वाकडं करणार नाही. ज्या टीममध्ये ही खात्री नसते, तिथे सगळ्यांना दिसत असतं आणि सगळे म्यूटवर असतात.

म्हणून मला पुण्या-मुंबईच्या, बंगळुरूच्या मंडळींकडून जवाहरनगरसाठी हळहळ नको आहे. भूमिका हवी आहे. माझ्या तीन मागण्या आहेत, अगदी साध्या. एक, डेंजर बिल्डिंगमध्ये मुदतीची नोकरी नको. कुठेही नको, सरकारी कंपनीत तर मुळीच नको. ज्याला आत पाठवता त्याला निवृत्तीपर्यंत ठेवायची तयारी ठेवा, नाही तर पाठवू नका. दोन, सुरक्षा समितीत जे कामगार बसतील त्यांत नव्याने लागलेल्यांचा आणि कंत्राटींचा निवडून दिलेला माणूस असलाच पाहिजे, साहेबांनी नेमलेला नव्हे. तीन, धोका दिसला म्हणून काम थांबवणाऱ्याचा करार त्यानंतर वाढला नाही, तर का वाढला नाही हे लेखी सांगायची जबाबदारी कंपनीवर टाका.

आणि आपल्यासाठी? पुढच्या वेळी ‘हॅलो फॅमिली’ची मेल आली की जा खुशाल, टिक्का खा. फक्त टाउन हॉलमध्ये एक प्रश्न विचारून बघा: “या वर्षी किती जणांनी एखादं रिलीज थांबवलं, आणि त्यांचं रेटिंग काय लागलं?” उत्तर आलं तर तुमची कंपनी चांगली आहे, सोडू नका. नाही आलं तर दोरी ओढताना तेवढं लक्षात ठेवा.

बघा पटतंय का. नसेल पटत तर जरूर भांडा. पण आधी एकदा भंडाऱ्याला या, तिसऱ्या पाळीची बस सुटते तेव्हा गेटावर उभे राहा, आणि उतरणाऱ्यांपैकी किती जणांना पुढच्या वर्षी त्याच बसमध्ये जागा आहे ते विचारा. मग भांडू.